दोन शब्दांची तार

मी टाक बोलतोय. हो, तोच, दौतीत बुडवून लिहायचा लाकडी टाक. अंगावरचा तांबडा रंग कधीच उडाला, निब गंजून वाकडी झाली. पण जीभ वाकडी झाली म्हणून बोलायचं सोडायचं, असं माणसं तरी कुठे करतात?

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. डोळे उघडले ते वाशीमच्या एका कागदाच्या दुकानात, काचेच्या बरणीत. तिथून मला उचललं उकंडरावांनी. उकंडराव इंग्रजी शाळेत चार यत्ता शिकले, पाचवीत नापास झाले आणि पोस्टाबाहेरच्या कडुनिंबाखाली पेटी मांडून बसले. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं आणि तारा लिहून द्यायच्या, हा त्यांचा धंदा.

पत्र लिहायला मला आवडायचं. सोयाबाईला नमस्कार, गंगूला मुका, म्हैस व्याली, भिंत पडली. शेवटी कोपऱ्यात आडवं-उभं लिहून जागा संपेपर्यंत माणसं सांगत राहायची. तारेचं तसं नव्हतं. तारेत प्रत्येक शब्दाला भाव. पत्त्यातले शब्दसुद्धा मोजायचे. माणसं मात्र तार सांगताना ओरडायची, जणू पलीकडचा माणूस बहिरा आहे आणि तारेच्या खांबातून त्यांचा आवाजच जाणार आहे.

उकंडरावांची ख्याती होती ती काटण्याबद्दल. कोणी घळाघळा वीस वाक्यं सांगितली की ते डोळे मिटून बोटांवर मोजायचे आणि चार शब्दांत गोष्ट बसवायचे. लोक तोंडात बोट घालायचे. उकंडरावांच्या मिशीला तेवढ्यानंच पीळ चढायचा. मला विचाराल तर हा माणूस शब्द वाचवायचा तो गिऱ्हाइकाच्या पैशासाठी कमी आणि स्वतःच्या मिशीसाठी जास्त. पण टाकाला विचारतो कोण?

आता त्या काळातल्या खेड्यांची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. खेड्यात तार म्हणजे मरण. चांगली बातमी पायी येते आणि वाईट तारेनं, असं म्हणायचे. तारवाला गावाबाहेरच्या पांदीच्या वाटेत दिसला की बाया चूल विझवायला लाकडं बाहेर ओढायच्या. तार असायची इंग्रजीत, ती वाचणार कोण? मग न वाचणाऱ्यांनी आपली खूण ठरवली होती. कागद उघडायचा आणि लिहिलेलं किती आहे ते बघायचं. लांब असलं तर लग्नाचं, कामाचं, मालाचं काहीतरी असेल. दोन शब्द असले तर गेलं माणूस. मरणाला याहून जास्त शब्द लागत नाहीत, हे सगळ्या वऱ्हाडाला पाठ होतं. उकंडरावांनाही होतं. अशा तारा त्यांनी माझ्याकडूनच कितीतरी लिहून घेतल्या होत्या.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचा एक हिवाळा. धनजचे मारोतराव पेटीसमोर येऊन बसले. त्यांचा मुलगा जानराव हंगामापुरता वाशीमच्या जिनात, कापसाच्या कारखान्यात, कामाला आला होता आणि छातीच्या तापानं पडला होता. निरोप मिळताच बाप धावत आला. घरी बायको तुळसाबाई आणि सून मनकर्णा. तुळसाबाईंनी पोराचा निरोप आल्यापासून अन्न सोडलं होतं. 'तार करा, तवाच घास खाईन,' असं म्हणून त्यांनी नवऱ्याला मोटारीत बसवलं होतं.

त्या दिवशी पहाटे जानरावचा ताप उतरला होता. मारोतरावांचे डोळे तांबारले होते, पण चेहरा फुलला होता.

"लिवा भाऊ," ते म्हणाले. "जानरावचा ताप उतरला. डाक्टर म्हनते आता जिवाले धोका नाई. सकाळी पेज पेला. तू आता जेव. सुनेले म्हना रडू नको. पोराले घेऊन येतो मी."

उकंडरावांनी डोळे मिटले. बोटं हलली. मग मला दौतीत बुडवून त्यांनी पत्ता लिहिला आणि खाली इंग्रजीत दोन शब्द. जानराव वाचला.

"बस?" मारोतरावांनी विचारलं.

"अजून काय पाह्यजे? वाचला म्हंजे सगळं आलं त्याच्यात."

"अन् जेव म्हनलं होतं ते?"

"पोरगं वाचलं म्हंजे माय जेवन नाई का? कायले वाया घालवता शब्द?"

मारोतराव हसले. शिकलेल्या माणसापुढं काय बोलणार? आणि एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती, ती उकंडरावांना पक्की ठाऊक होती. ठरावीक शब्दांपर्यंत तारेचा कमीत कमी दर एकच पडतो, त्यात अजून दोन-तीन शब्द फुकटच बसत होते. तेवढ्याच पैशात 'जेव' गेलं असतं. पण दोन शब्दांची तार ही उकंडरावांची शान होती. कागदावर ती मोकळी जागा तशीच राहिली आणि माझ्या निबेवर शाई सुकली.

दोन दिवसांनी मारोतराव घरी कार्ड टाकायला पुन्हा आले होते. उकंडराव माझी निब पुसत होते. एवढ्यात मोटारीतून एक धुळीनं माखलेला माणूस उतरला. धनजच्या तांड्यावरचा देवला, मारोतरावांच्या शेताचा शेजारी. काखेत कोऱ्या मांजरपाटाची घडी. मारोतरावांना बघताच तो थबकला आणि त्यांच्या पायाशी बसला.

"काका, जानरावले कुठं ठेवलं?"

"ठेवलं म्हंजे? दवाखान्यात हाये. पेज पेऊन राह्यला. तू काहून आला रे?"

काखेतलं कापड देवलानं हळूच मांडीखाली सरकवलं. पण मारोतरावांनी ते बघितलं होतं. कोरं कापड कशासाठी असतं, हे कोणाला सांगावं लागत नाही.

"देवला, बोल."

"काका, तार आली न. मास्तर सुटीत गावाले गेलेले. वाचाले कोनी नव्हतं. उघडून पाह्यली त दोनच शब्द." त्यानं पागोट्यातून घडी केलेला कागद काढला. "आमाले काय समजते? दोन शब्द म्हंजे मयत. काकू दारातच बसली होती, उपाशी. तिनं कागद पाह्यला अन् तशीच कलंडली. पुन्हा डोये उघडले नाई. वहिनीच्या बांगड्या फोडल्या बायांनी. काल सकाळी काकूले जाळलं अन् मी जानरावले न्याले आलो."

उकंडरावांच्या हातून मी गळून पडलो. धुळीत पडल्या पडल्या मला मारोतरावांचे पाय दिसत होते. माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं.

मग ते म्हणाले, "टाक उचला."

त्यांची लेक प्रयाग नागपूरला, मिलच्या चाळीत. तिला कळवायचं होतं. उकंडरावांनी मला उचललं, पण त्यांच्या बोटांना मोजता येईना.

"काय लिवू, दादा?"

"लांब लिवा," मारोतराव म्हणाले. "पुरा कागद भरून लिवा. जानराव बरा झाला ते लिवा. कपाशी निंगाली, बोंड चांगलं हाये, लिवा. गाय व्याली, गोऱ्हा झाला, लिवा. डाक्टर देवमानूस हाये, लिवा. अन् शेवटी लिवा का माय गेली."

"दादा, एवढं कायले?"

"तिच्यापाशी बी वाचनारं कोनी नाई. मिल सुटल्यावर येईन कोनी. तवापर्यंत पोरीले वाटू द्या का सगळं बरं हाये."

उकंडराव लिहीत गेले. एक शब्द काटला नाही. शाई तीनदा संपली, तीनदा भरली. पोस्टाच्या खिडकीतल्या बाबूनं कागद हातात घेतला, मजकूर न वाचताच शब्द मोजता मोजता हसला आणि म्हणाला, "एवढी लांब तार? लग्न हाय का घरी?"

"व्हय," मारोतराव म्हणाले.

त्या दिवसानंतर उकंडराव काटायचं विसरले. गिऱ्हाईक जे सांगेल ते सगळं लिहायचे, म्हणून गिऱ्हाईकही तुटलं. ते गेल्यापासून त्यांच्या पेटीत मी आहे. झाकण कधी उघडत नाही. कोणी उघडलंच, तर माझं एवढं ऐका. तुमच्याकडे दोन शब्दांची जागा मोकळी असेल तर ती मोकळी सोडू नका. आणि ज्याला लिहिता तो उपाशी बसला आहे का, हे आधी विचारा. मला मात्र आता कोणी लिहायला घेऊ नका.

नागपूरच्या त्या चाळीत तो भरगच्च कागद हातात घेऊन प्रयाग किती वेळ हसत बसली असेल, हे मला कोणी कधी सांगितलं नाही.