कोपऱ्यातलं पिंप

फ्रान्समधल्या शातो-शालोन गावच्या टेकडीवर म्हाताऱ्या उगेतच्या जिभेला न भिणारं कुणी नव्हतं. तिचा जावई बातिस्त शेजारच्या बर्गंडी प्रांतातला. प्रवाशांना द्राक्षमळ्यांतून, जुन्या गल्ल्यांतून हिंडवायचा आणि शेवटी घरी आणून तिच्या हातची पिवळ्या वाइनमधली कोंबडी खाऊ घालायचा. उगेत म्हणायची, आमचे जावईबापू दगडालाही बोलतं करतील, फक्त त्यांच्या हातात कुदळ देऊ नका.

तळघरात मागच्या कोपऱ्यात एक पिंप होतं. तिच्या नवऱ्याने, फेर्नांने, भरलेलं शेवटचं. पिवळी वाइन सव्वासहा वर्षं तशीच ठेवायची. ती आटते, आटू द्यायची. वर पांढरी साय धरते, सगळी चव तिच्यातून उतरते. पिंप भरलं आणि महिन्याभरात फेर्नां गेला. कुणाला सांगू नकोस, चाखून चाखून संपवतील, असं बजावून गेला. तिने लेकीलाही सांगितलं नाही, पिंपावर खडूची रेघसुद्धा ओढली नाही. आता तीनच महिने उरले होते. तिचं काळीज थकलंय हे डॉक्टरांनी सांगून झालं होतं. त्या पिंपातला एक पेला पोटात गेला की मग खुशाल डोळे मिटायचे, एवढी एकच आस तिने धरली होती.

त्या दुपारी पाहुणे गेल्यावर बातिस्त बाह्या सरसावून तळघरातून वर आला. पांढऱ्या वाइनची सगळी पिंपं काठोकाठ भरली म्हणाला. बर्गंडीत लहानपणापासून त्याने हेच केलेलं; तिथे पिंपात हवा राहिली की वाइन बिघडते.

"आणि आई, कोपऱ्यातलं एक तर पाव रिकामं झालं होतं. कुणाचं लक्षच नाही. तेही भरून टाकलं."

उगेत भिंत धरत खाली गेली. बूच काढलं. वाइन तोंडापर्यंत आली होती आणि सायीचे तुकडे तिच्यात बुडत होते. तिने बोटाने चाखली. आंबट, कोवळी, कुणाचीही असावी अशी चव. फेर्नां तिच्यात कुठेच नव्हता.

मागून आलेल्या बातिस्तला वासावरूनच उमगलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"रोज लोकांना याच सायीचं कौतुक सांगतो मी. एखादी खूण जरी असती, आई..."

"ती मीच केली नाही."

शिव्या ओठांवर आल्या होत्या, पण घालायच्या कुणाला?

"थोडी काढून घेऊ या," तो चाचरत म्हणाला. "पुन्हा धरेल ना साय?"

"धरेल की," उगेत म्हणाली. "तेवढी सहा वर्षं मला आणून द्या, जावईबापू."