नकाशावरचे ठिपके

नव्या जहाजाचं कौतुक करावं तेवढं थोडं. चार-पाच संस्थांनी आपापली जुनी जहाजं मोडीत काढून सगळ्यांत मिळून हे एक घेतलं आणि वेळ वाटून घेतला. म्हणायला एकत्र कुटुंब. पण अशा घरात सकाळी न्हाणीघरापुढे लागते, तशी रांग इथे समुद्रापुढे लागायची.

ताईची पाळी आज होती. जहाजावर सगळे तिला ताईच म्हणत. तिचं यंत्र खोल तळाशी नांगराला बांधलेलं होतं, आणि तळाचा प्रवाह मंदावतोय का, याची नोंद त्याच्या पोटात होती. प्रश्न मुळात तिच्या सरांचा. त्यापायी त्यांनी आयुष्य घालवलं. आता दृष्टी गेली होती, अंथरूण धरलं होतं, आणि उत्तर ऐकल्याशिवाय मी काही हलत नाही, असं ते हसत हसत सांगायचे. यंत्राची बॅटरी पुढच्या पाळीपर्यंत टिकणार नव्हती.

सकाळी जिन्यात नकाशेवाला भेटला. समुद्रतळाचे नकाशे करणारा, भारी गोडबोल्या.

"ताई, तुमच्या वेळेत माझं तळ मोजायचं यंत्र चालू ठेवू का? तेवढाच तुकडा राहिलाय."

"ठेव की. माझं काय जातंय?"

मागच्या खेपेला एकीला वेळ द्यायला तिने तोंडावर नाही म्हटलं होतं. ते मनात सलत होतं, म्हणून आज हो जरा चटकन निघालं.

यंत्र वर बोलवायची रीत साधी. पाण्यात भोंगा सोडून हाक द्यायची. यंत्राने टकटक करून ओ दिली, की मग त्याला नांगर सोडून वर तरंगत यायचा हुकूम द्यायचा आणि ती टकटक ऐकत त्याच्या मागावर राहायचं. ताईने हाका मारमारून घसा कोरडा पडावा तसा भोंगा वाजवला. कानातल्या हेडफोनमध्ये नुसती खरखर. बाहेर दाट धुकं. ओ आल्याशिवाय तो हुकूम देऊ द्यायला कप्तान तयार नव्हता. धुक्यात ते वर येऊन कुठे वाहून जाईल, कुणाला दिसणार? वेळ संपली. यंत्र मेलं म्हणायचं आणि गप्प बसायचं, असं तिने मनाला बजावलं. जहाज निघालं.

दुपारी जेवणाच्या टेबलावर नकाशेवाल्याने लॅपटॉप पुढे सरकवला.

"तुमच्या वेळेतला तुकडा बघा, झकास आलाय. फक्त हे ठिपके कसले कळेना. ठरावीक अंतराने येतायत, खालून."

ताईने लॅपटॉप जवळ ओढून ठिपक्यांमधलं अंतर मोजलं. दोन हाकांमधलं ते अंतर तिनेच ठरवलं होतं. यंत्राने दर हाकेला ओ दिली होती.

जुन्या जहाजावर भोंगा पाण्यात गेला, की ब्रिजवरचा, जहाज हाकायच्या खोलीतला अधिकारी पाण्यात आवाज सोडणारी बाकीची यंत्रं न सांगता बंद करायचा. त्यांच्या गोंगाटात ओ ऐकू येत नाही. इतकी वर्षं ते परस्पर होत आलं, म्हणून ते करावं लागतं हेच ती विसरली होती. इथे कुणी करणार नव्हतं. आणि वर तिने परवानगी दिली होती. तिला स्वतःची भयंकर चीड आली.

ती तशीच उठून मोहीमप्रमुखांकडे गेली. ते म्हणाले, "पुढची पाळी प्लवकवाल्या बाईंची. त्या वेळ देत असतील तर जहाज आत्ता फिरवतो."

बाई डेकवर, पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव धरायची आपली जाळी तपासत होत्या. ताईने सगळं सांगितलं, सरांचंही सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मागच्या खेपेला वादळात माझी पाळी गेली, तेव्हा मी तुमच्याकडेच आले होते, ताई. माझंही सगळं अडलंय हो तेव्हापासून. या वेळी मला नाही जमणार."

बॅटरी संपत चाललेलं यंत्र मागे ठेवून जहाज पुढे जात राहिलं.

संध्याकाळी सॅटेलाइट फोनवर सरांनी आधी तेच विचारलं.

"ओ दिली का गं त्याने?"

"दिली, सर."

सर रडत होते की हसत होते, कळेना.

"वाटलंच मला. मग आता घाई करू नकोस, सावकाश घेऊन ये. तोवर मी थांबतो."