बावखलातली अर्धी टाकी

मी टाकी बोलतेय. पूर्ण नाही, अर्धी. उरलेली अर्धी दोन वाड्या पलीकडे एका तबेल्यात म्हशींना पाणी पाजते आणि तिचं बरं चाललंय असं ऐकते. तेव्हा मी सांगेन ती माझ्या बाजूची हकिगत समजा.

जन्म माझा कारखान्यातला. काळी पावडर तापलेल्या साच्यात घातली, साचा गरगर फिरवला आणि मी बाहेर आले. काळी, गोल, पोट सुटलेली, पाच हजार लिटरची. टेंपोत आडवी घालून मला माणिकपूरला आणलं आणि दोरखंड बांधून चार मजली इमारतीच्या गच्चीवर चढवलं. तिथं मी चौदा वर्षं काढली.

गच्चीवरून माणसं फार छान कळतात हो. नळाला पाणी असलं की माझी कोणाला आठवण नाही. पाणी गेलं की अख्खी बिल्डिंग जिना चढून वर. जो तो माझ्या पोटावर टकटक करणार, झाकण उघडून आत डोकावणार आणि खाली जाऊन सांगणार की पहिल्या मजल्यावरचे गाड्या धुतात म्हणून आपल्याला पुरत नाही. टँकर आला की भांडण मिटलं. वीस कुटुंबांच्या आंघोळी, भांडी, सकाळचा चहा, सगळं माझ्यातून गेलं.

एक दिवस डिश बसवायला आलेल्या माणसाची शिडी माझ्यावर पडली. वरपासून खालपर्यंत उभी चीर गेली. लांबी भरून झाली, डांबर लावून झालं, गळती काही थांबेना. मग नवी टाकी आली आणि माझी रवानगी पार्किंगच्या कोपऱ्यात. पोटात झाडू, रंगाचे रिकामे डबे आणि एका मांजरीची तीन पिल्लं.

तिथून मला उचललं ब्रायननं. तो त्या बिल्डिंगमध्ये वाडीची केळी आणि भाजी द्यायला यायचा. वसईच्या पश्चिमेला त्याची वाडी आहे आणि वाडीत बावखल आहे. बावखल म्हणजे झाडांना पाणी घालायला वाडवडिलांनी खणून ठेवलेलं तळं. त्यात जलपर्णी माजली होती आणि ती काढायला तरंगणारं काहीतरी हवं होतं. त्यानं मला चिरेवरूनच सरळ कापलं. माझं तोंडसुद्धा अर्धं गेलं, पण बडबड कमी झाली नाही, ते तुम्ही बघताच आहात.

पाण्यात पहिल्यांदा लोटलं तेव्हा मी जाम घाबरले. आयुष्यभर पाणी आत धरायची सवय, आणि आता ते बाहेर ठेवायचं. पण जमलं. दोन वर्षं जलपर्णी वाहिली, पडलेले नारळ वाहिले, दुपारी बदकांना सावली दिली.

मग ऑगस्टमध्ये ब्रायनच्या बायकोला, जोआनाला, मुलगा झाला आणि तिचे वडील पाचूबंदरहून मुक्कामाला आले. ऑस्कर त्यांचं नाव. पन्नास वर्षं दर्यावर, त्यातली तीस तांडेल म्हणून. होडीवर तांडेल म्हणेल ती पूर्व. पण हृदयाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी समुद्र बंद केला आणि होडी विकावी लागली. तेव्हापासून या माणसानं मासळीला हात लावला नव्हता. त्यांच्या घरातून मासळी विकली जायची, विकत कधी आली नव्हती. जोआनानं बाजारातून पापलेट आणून तळलं, तर त्यांनी ताट सरकवलं.

"विकतची मासळी माज्या घशाखाली उतरत नाय, बाय. वरन वाढ."

बाळाचा बाप्तिस्मा ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ठरला. त्यांच्या घरात एक रीत होती. बाप्तिस्म्याच्या जेवणाला मासळी घरच्या होडीची. जोआनाच्या वेळी तशी होती, ऑस्करच्या स्वतःच्या वेळीही तशीच. ते लेकीला म्हणाले, "आता होडी नाय, तर मासळी कुठली? मी देवळात येईन, पोराला घेईन. जेवायला मला बोलवू नको."

जोआना त्या संध्याकाळी माझ्या शेजारच्या दगडावर बाळाची दुपटी धूत होती. धुता धुता रडायला लागली. ब्रायन म्हणाला, लोकांना सांगू की पप्पांची तब्येत बरी नाही. "लोकांचं कोण बोलतंय," ती म्हणाली. "सहा महिने वरणभातावर आहेत ते. समोर बसतात आणि आतल्या आत मिटत चाललेत. नातवाच्या जेवणालाही उठून गेले तर परत कधी ताटावर येतील का?" मला काय बोलता येतंय.

आता, बावखलात एक जिताडा होता, खाडीतला मोठा, चवीचा मासा. चार वर्षांपूर्वी ब्रायननं खाडीतली दहा-बारा पिल्लं आणून सोडली होती. बाकीच्यांचं काय झालं ते या एकालाच ठाऊक, कारण त्यानंच ती खाल्ली असणार. एका संध्याकाळी त्यानं पाण्याबाहेर उडी मारली आणि काठावर बसलेले ऑस्कर उभेच राहिले. पाहुणेबुवांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग दिसला.

दुसऱ्या दिवशी ते पाग घेऊन माझ्यात चढले. पाग म्हणजे फेकायचं गोल जाळं. ते फेकायला माणूस उभा राहतो, आणि माझं बूड पडलं गोल. त्यांनी जाळं फिरवलं, मी लोळले, तांडेल पाण्यात. जाळं तळाशी बुडालेल्या जुन्या झाडात अडकून फाटलं. छातीभर पाण्यात उभं राहून ते मला जे बोलले ते बाळाच्या आजोबांना शोभणारं नव्हतं. पण माणूस गुणी. संध्याकाळपर्यंत त्यांनी आडवे बांबू टाकून माझ्या दोन्ही बाजूंना निळी पिंपं बांधली. त्या दिवसापासून मी लोळत नाही.

त्याच आठवड्यात रविवारी जोआनाच्या ऑफिसातली विनिता बाळ बघायला आली. राहते फुलपाड्याला, माहेर साताऱ्याकडचं. बाळ दहा मिनिटं बघितलं आणि बावखल तासभर. तिला गळाचा नाद. सुट्टीच्या दिवशी काठी आणि रीळ घेऊन तळी हिंडते, मोबाईलवर बघून सगळं शिकलेली. आणि गंमत म्हणजे मासे खात नाही.

"खात नाय, तर पकडते कशाला?" ऑस्करनी विचारलं.

"मजा येते, अंकल. पकडायचा, बघायचा, सोडून द्यायचा."

ऑस्करनी जावयाकडे असं बघितलं की बाईला ऊन लागलंय, लिंबूपाणी द्या. पण जाळं तर फाटलेलं, आणि बाप्तिस्मा तीन आठवड्यांवर. शेवटी खाली बघत म्हणाले, "मला शिकवशील?"

मग शाळा सुरू झाली. पन्नास वर्षं दर्यावर काढलेला विद्यार्थी आणि शाकाहारी मास्तरीण. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला पौर्णिमेला यायला सांगितलं, उधाणाला मासळी हलते म्हणून.

"अंकल, इथं भरती कुठून येणार?"

ते पाण्याकडे बघत राहिले. "खरंच की," म्हणाले.

गळाला लावायचा रबरी मासा बघून हसले, आणि पहिला फेका केळीत, दुसरा स्वतःच्या टोपीत, तिसरा दोरीवर वाळत घातलेल्या ब्रायनच्या बनियनमध्ये. विनिता काठी त्यांच्याकडेच ठेवून गेली. मग रोज सकाळी अंगणात करवंटी मांडून सराव. आठवड्यात दहापैकी सात फेके करवंटीपाशी पडायला लागले. दाढी रोजच्या रोज होऊ लागली. जोआना खिडकीतून बघायची आणि काही बोलायची नाही, नजर लागेल म्हणून.

बाप्तिस्म्याच्या आधीच्या रविवारी, ऊन उतरताना, दोघं माझ्यात बसलेले असताना जिताड्यानं गळ घेतला. ऑस्करच्या हातातली काठी अर्धी वाकली. विनिता सांगत होती, "ओढू नका अंकल, पळू द्या त्याला, दमू द्या." पण ते हात कोणाचे? पन्नास वर्षं दोर ओढणारे. त्यांनी काठी माझ्यात टाकून दिली, दोरीच हातात घेतली आणि दोन्ही हात पसरून वाव वाव ओढायला लागले. दोरीनं तळहात चिरला आणि टण्णकन तुटली. मासा गेला, रबरी मासा घेऊन गेला.

माझ्या तळाशी रक्ताचे थेंब पडले होते. "आमी मासळी वढतो," ते म्हणाले. "खेळवत नाय." मग तळहाताकडे बघत म्हणाले, "तू सांगत होतीस. मी ऐकलं नाय." तांडेलनं असं कबूल करणं सोपं नसतं. विनितानं आपल्या ओढणीनं हात बांधला. डॉक्टरांनी पाच टाके घातले.

आता काठी धरणार कशी? तरी तो आठवडा ते काठावर बसून राहिले. बारके मासे कुठं उधळतात, सावली कधी कुठं पोचते, बघत. शनिवारी संध्याकाळी विनिता आली तेव्हा म्हणाले, "काठी तू घे. वल्हं मी मारतो. भरती नाय, पन वेळ हाय. पंपाच्या खोलीची सावली पान्यात उतरली की तो तिथं येतो."

त्यांनी डाव्या हातानं मला असं सरकवलं की बदकांनाही कळलं नाही. बोटानं जागा दाखवली. विनितानं फेकलं. तिसऱ्या फेक्याला पाणी फुटलं आणि माझं अख्खं अंग हललं. तिनं पळू दिला, गुंडाळलं, परत पळू दिला. ऑस्कर वल्ह्यानं मला एका जागी धरून होते. मासा दमत आला असं वाटेपर्यंत तो बुडालेल्या झाडात घुसला आणि दोरी जाम झाली.

"अडकला, अंकल. आता तुटणार."

ऑस्करनी वल्हं तिच्या पायाशी ठेवलं, हातजाळी घेतली आणि टाके घातलेला हात वर धरून पाण्यात उतरले. काठावर जोआना बाळाला घेऊन उभी होती. "पप्पा, तुमचं ऑपरेशन..." एवढंच बोलली. ते दोरीला बोट लावून चाचपत गेले, पायानं फांदी मोडली आणि खालून जाळी घालून उचललं. जिताडा धाडकन माझ्या पोटात पडला. पावणेसहा किलो भरला नंतर. त्याच्या शेपटीचे फटके मी आनंदानं खाल्ले.

ब्रायन धावत आला. "विनिता, कमाल केलीस. काय मासा पकडलास!"

झालं. ऑस्करचं हसू मावळलं. ते निथळत काठावर बसले. "बरोबर हाय," म्हणाले. "मासा तिचा."

"मला काय करायचाय?" विनिता म्हणाली. "तुम्हीच काढलात. तुमच्याच नावावर सांगा."

"खोटं नाय चालनार. उद्या देवळात पोराला हातात घ्यायचा हाय."

जोआनाचा चेहरा बघवत नव्हता. ऑस्कर माशाकडे बघत बसले, मग विनिताकडे, आणि मग माझ्याकडे. मला आजवर पुष्कळांनी बघितलंय, पाणी किती उरलंय ते, गळतंय कुठं ते. हे बघणं तसलं नव्हतं. बराच वेळ बघून ते उठले.

"कोयता आन. आनि केळीचं पान."

त्यांनी माशाचे तीन भाग केले, अगदी सारखे. एक पानावर घेतला आणि माझ्या काठावर ठेवला. "हा होडीचा. हा विनिताचा. हा माजा."

ब्रायन म्हणाला, "पप्पा, टाकीला वाटा?"

"होडीला. दर्यावर कोनी विचारत नाय, कोनाच्या हाताला मासळी लागली. मासळी होडीची. मग वाटे पडतात, आनि होडीचा वाटा पयला."

कळलं सगळ्यात आधी जोआनाला. तिनं बाळाला ब्रायनकडे दिलं आणि वडिलांच्या ओल्या खांद्यावर डोकं ठेवून हसली, रडली, दोन्ही केलं. होडीचा वाटा निघाला म्हणजे मासळी घरच्या होडीची. विनितानं आपला वाटा माशाच्या सारात टाकायला दिला आणि स्वतःला केळीचा घड मागून घेतला.

रविवारी देवळातून आल्यावर ऑस्कर पहिल्या पंगतीला बसले. दोनदा सार मागितलं. भांड्यांचा आवाज मला इथवर ऐकू येत होता.

आता माझी निळी पिंपं उन्हानं फिकी पडलीत, बुडाला शेवाळ धरलंय. संध्याकाळी ऑस्कर येतात, विनिता सवडीनं येते, बारके मासे पकडतात आणि कोणते सोडायचे यावरून वाद घालतात. बावखल आहे तोवर मी आहे, तेव्हा ते बुजवायचं कोणाच्या डोक्यात आलं तर माझी आठवण ठेवा. चौदा वर्षं वीस घरांना पाणी पाजलं, तेव्हा कोणी मला काही दिलं नाही आणि मीही मागितलं नाही, टाकीनं काय मागायचं? पण त्या शनिवारी माझ्या काठावर केळीचं पान ठेवलं गेलं आणि त्यावर माझा वाटा होता. तो मी खाल्ला नाही, पण तो माझा होता.