साडेबाराचं जेवण

येसेनियाने टाकोवरचा चंदेरी कागद सोलून पहिला घास तोंडात घातला, तोच फोन वाजला. समोर संगणकावर तिचं पत्र उघडं होतं: घरगुती अडचणीमुळे इंटर्नशिप अर्धवट सोडत आहे. फक्त पाठवायचं बाकी होतं. अडचण कसली नि काय! वॉशिंग्टनच्या या लॅटिनो हक्क संघटनेत येऊन तीन आठवडे झाले होते आणि तिला इथे मुळीच करमत नव्हतं, एवढंच.

पहिल्या दिवशी बाकीच्या इंटर्न मुलांनी तिला बाहेर जेवायला बोलावलं होतं. डबा आणलाय म्हणून ती नको म्हणाली. पुन्हा कुणी विचारलं नाही. टेक्सासात, तिच्या गावी, जेवणाऱ्याजवळून 'सावकाश होऊ द्या' म्हटल्याशिवाय कुणी पुढे जात नसे. पेट्रोल पंपावरचा अनोळखी ट्रकवालासुद्धा. इथे सगळे तिच्या टेबलाला वळसा घालून जात. तिला घास गिळवत नसे.

"हॅलो, तक्रार विभाग," घास गालात दाबून ती म्हणाली.

"मी एलिसेओ बार्रेरा, टेक्सासातल्या लारेडोहून. त्या शहाण्यांनी मतदार यादीतून माझं नाव उडवलंय. एका कागदावर नुसतं बापाचं आडनाव, दुसऱ्यावर आईचंही. आपल्यात दोन्ही लावतातच की. म्हणे, ही दोन माणसं! पोरी, जेवतेयस का तू?"

"नाही, आजोबा. म्हणजे... माफ करा. सांगा तुम्ही."

"अगं, मग आधी बोलायचंस! सावकाश होऊ दे. थांबतो मी."

"पण तुमचं काम..."

"चाळीस वर्षं मत देतोय. दहा मिनिटांत काय बिघडतंय? खा."

येसेनियाला रडू फुटलं. ती घोटभर पाणी प्यायली. पलीकडे खुर्ची सरकली, भांड्यावर चमचा वाजला. म्हातारा स्वतःचंही ताट वाढून घेत होता. मग दोघं जेवली. बऱ्याच दिवसांनी तिने टाको संपवला.

"झालं?"

"झालं."

"आता लिही."

तिने दोन्ही आडनावं लिहून घेतली, वाचून दाखवली, तक्रार नोंदवली. तरी त्याने फोन ठेवला नाही.

"बायको गेल्यापासून मी ओट्यापाशी उभ्याउभ्याच खातो," तो म्हणाला. "आज बसलो." मग त्याने विचारलं, "उद्या किती वाजता जेवशील?"

इंटर्न मुलं हसत खिदळत परत आली आणि तिच्या टेबलाजवळून पुढे गेली. येसेनिया पडद्यावरच्या पत्राकडे बघत राहिली.

"साडेबाराला," ती म्हणाली. "तुमच्याकडे साडेअकराच वाजलेले असतात. तेव्हा भूक लागते?"

"लागेल," म्हातारा म्हणाला.