नीरेची काकवी

पावसाळ्यात मुकुंदरावांच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचे शेक झाले. दिवाळीपर्यंत गाठीचा मागमूस राहिला नाही, पण जिभेवरची चव गेली ती गेलीच. वरण, दूध, औषध सगळं एकसारखं. तोंड सतत कोरडं, म्हणून पाण्याची बाटली कायम हाताशी. रिफायनरीतून निवृत्त होऊन त्यांना चार-पाच वर्षं झाली होती, आणि खाणं हाच त्यांचा उरलेला मोठा शौक होता. आता ते जेवायच्या टेबलावर येईनासे झाले. त्यांची बायको सुनेत्रा मिक्सरमधून काढलेली खिचडी वाडग्यात घालून त्यांच्या खोलीत नेऊन द्यायची. ते भिंतीकडे बघत संपवायचे आणि वाडगा खुर्चीखाली ठेवून द्यायचे.

दर हिवाळ्यात ते घरी नीरेची काकवी करत. वाघोडिया गावाच्या पलीकडे रावजीभाई नावाचा माणूस परवान्यावर खजुरीच्या झाडांची नीरा काढतो. खजुरी म्हणजे आपली शिंदी. रात्री झाडाला मडकं बांधायचं, पहाटे उतरवायचं. ती गोड, गार नीरा कॅनमध्ये भरून मुकुंदराव शहरात कारेलीबागेतल्या घरी आणत आणि मागच्या अंगणात विटांच्या चुलीवर मोठ्या कढईत आटवत बसत. कढईभर नीरेची दोन-तीन बाटल्या काकवी व्हायची, मधासारखी दाट, तांबूस. हिवाळ्यात अशा चार-पाच कढया निघत, त्यामुळे भाकरीबरोबर, धिरड्यांबरोबर घरात उन्हाळाभर पुरायची आणि चार घरी वाटलीही जायची.

या वर्षी त्यांनी नाव काढलं नाही. डिसेंबर गेला, संक्रांत गेली. सुनेत्राने एकदा विषय काढून पाहिला, तर म्हणाले, "कशाला? मला काय कळणार आहे त्यातलं?"

फेब्रुवारी संपत आला तेव्हा रावजीभाईचाच फोन आला. "साहेब, आ वर्षे आव्या नहीं? गरमी पडी गई छे. हवे छेल्ला दिवसो छे, पछी मडकां उतारी लइश."

मुकुंदरावांनी फोन ठेवला आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "उद्या पहाटे जाऊन येऊ या का? शेवटचे दिवस आहेत म्हणतोय."

कित्येक महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा काहीतरी हवंसं वाटून मागितलं होतं. सुनेत्राने ओट्यावरचं काम तसंच टाकलं आणि माळ्यावरून कढई काढायला स्टूल ओढलं.

पहाटे ते पोचले तेव्हा हवेत गारवा नव्हता. रावजीभाईने मडकी उतरवून ठेवली होती. मुकुंदरावांचं उतरलेलं अंग बघून त्याने त्यांच्या हातातले कॅन स्वतःच घेतले. मग म्हणाला, "साहेब, रात्र गरम होती. थोडी लागी गई छे, आंबायला लागलीय. पिण्यासाठी नका नेऊ." आंबलेली नीरा विकायची नसते, तो ती बांधावर ओतून टाकणार होता.

"उकळणारच आहे मी," मुकुंदराव म्हणाले. "उकळलं की सगळं ठीक होतं. भर दोन्ही कॅन."

त्यांनी पेला पुढे केला, स्वतः एक घोट घेतला, पाण्याने खाली उतरवला आणि पेला सुनेत्राकडे दिला. "बघ. कशी आहे?"

सुनेत्राने घोट घेतला. नीरा गोड होती, पण जिभेच्या कडांना बारीक चरचर लागत होती. रावजीभाई तिच्या तोंडाकडे बघत होता. मुकुंदरावही बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत जाग होती.

"छान आहे," ती म्हणाली.

घरी आल्यावर त्यांनी कुणाला काही करू दिलं नाही. चूल रचली, लाकडं लावली, पांढऱ्या फडक्यातून नीरा गाळली. फेस वर आला की झाऱ्याने काढून टाकत होते. दमले की प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसत, पाण्याचा घोट घेत, पुन्हा उठत. दुपारपर्यंत कढईतलं पाणी जाऊन रंग गडद झाला. यंदा जरा लवकरच गडद झाला, असं ते स्वतःशी पुटपुटले. डावातून पडणारा थेंब निरखला, बोटांत धरून तार बघितली, आणि डाव तिच्यापुढे धरला.

"आता तू सांग."

सुनेत्राने फुंकर घालून चाखलं. सकाळची चरचर आता आंबटपणा झाली होती, आणि मागून कडू चव घशाशी येत होती. नीरा आटते तसे तिच्यातले दोषही आटून दाट होतात, हे तिला ठाऊक होतं. समोर तिचा नवरा घामाने भिजलेला, गालांची हाडं वर आलेली, डाव धरून उभा होता.

"गोड आहे," ती म्हणाली. "दरवर्षीसारखी."

ते हसले. ते हसणं बघून तिला वाटलं, आपण केलं ते बरोबरच केलं.

संध्याकाळी मुलगा केयूर आणि सून भक्ती गोरव्याहून आले. केयूरने बोट बुडवून चाखलं आणि आईकडे पाहिलं. तिने नुसते डोळे मिटून उघडले. "एक नंबर, बाबा," केयूर म्हणाला. भक्तीने एक थेंब चाखला आणि पाणी प्यायला आत गेली.

"होळीच्या आधी सगळ्यांकडे पोचवतो," मुकुंदराव म्हणाले. सुनेत्राला हे सुचलंच नव्हतं. बाटल्या घरात राहतील, हळूहळू काढून टाकू, असं तिने मनाशी धरलं होतं. "राहू दे ना," ती म्हणाली, "तुम्हाला दगदग होईल." पण त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून ते स्वतः गेले. रिफायनरीतले जुने मित्र समरजित जगताप, थोरली बहीण मंदाकिनी, म्हणजे त्यांची माई, शेजारच्या अहल्याबेन, सगळीकडे एकेक बाटली गेली.

मग फोन येऊ लागले. मंदाकिनीताईंनी सांगितलं, फार सुरेख झाली आहे. समरजित म्हणाले, "वा, मुकुंद, मजा आली." अहल्याबेन तर दारात येऊन "बहु सरस" म्हणून गेल्या. सुनेत्रा प्रत्येक वेळी काहीतरी काम काढून दुसऱ्या खोलीत जायची.

एका दुपारी ती वाडगा घेऊन खोलीत गेली तर मुकुंदराव खिडकीशी उभे होते.

"सुनेत्रा, एक विचारू? दरवर्षी समरजित काय म्हणतो?"

"काय म्हणतात?"

"म्हणतो, पातळ झाली. नाहीतर म्हणतो, करपवलीस. आणि तसं म्हणून दुसरी बाटली मागतो. माई कधी फोन करत नाही, भेटली की रिकामी बरणी पुढे करते." ते वळले. "यंदा सगळ्यांनी फोन केला. आणि दुसरी बाटली कुणीच मागितली नाही."

सुनेत्राने वाडगा टेबलावर ठेवला.

"आंबट होती का?"

"हो."

"पहाटे, पेल्यातच कळलं होतं तुला?"

"हो." तिने वाडग्यातला चमचा सरळ केला. "तुम्ही इतक्या दिवसांनी उठला होतात. माझ्याच्यानं 'नाही' म्हणवलं नाही."

ते खुर्चीत बसले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते अगदी सावकाश बोलले, एकेका शब्दाला कोरडी जीभ ओलावत.

"जीभ माझी गेली. तुझी तर होती ना? मी तुझ्या जिभेवर काम करत होतो. मला वाटलं, निदान दोघांमध्ये मिळून एक आहे." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "केयूरला माहीत होतं, भक्तीला माहीत होतं. समरजितला, माईला. अहल्याबेनना. सगळं गाव माझ्याशी गोड बोलत होतं आणि मी रिक्षा करून दारोदार फिरत होतो. आजारी माणसाला जपतात, ते मला समजतं. पण मला तुम्ही वेडा समजून जपलंत."

माफी मागावी असं तिच्या मनात आलं, पण नुसत्या माफीने तेच गोड बोलणं पुढे चालू राहील असं तिला वाटलं. ती बाहेर आली आणि तिने रावजीभाईला फोन लावला.

त्याने बहुतेक मडकी उतरवली होती. नाल्याच्या बाजूला, सावलीत, थोडी झाडं अजून पाझरत होती. वारा उत्तरेचा होता, रात्र गार गेली तर सकाळी बघू, असं तो म्हणाला. पण साहेबांना सांगा, जास्त निघणार नाही.

तिने खोलीत जाऊन तसंच सांगितलं. "मी पहाटे जाणार आहे. तुम्ही येणार का?"

त्यांनी वाडगा उचलून मांडीवर घेतला. "येईन," एवढंच म्हणाले.

पहाटे सुनेत्राच मोटार चालवत घेऊन गेली. रावजीभाईने मडकी ओळीने मांडली. सुनेत्राने प्रत्येक मडक्यातली नीरा पेल्यात घेऊन चाखली. "ही लागलीय. ही नको. ही चालेल." रावजीभाई नको म्हटलेली बांधावर ओतत गेला. मुकुंदराव मोटारीला टेकून बघत होते. शेवटी एक कॅनही पुरता भरला नाही. एका मडक्यापाशी ती अडली, पुन्हा चाखलं, मान हलवली. "नाही सांगता येत. गोड आहे, पण शेवटी काहीतरी आहे."

"मग सोड," मुकुंदराव म्हणाले. कालच्या 'येईन'नंतर ते तिच्याशी पहिल्यांदाच बोलले.

घरी चूल पेटवली. केयूरने आणलेली लाकडं ओलसर निघाली आणि धूर अंगणभर झाला. या वेळी ते दर थोड्या वेळाने डाव पुढे करत होते आणि ती चाखून सांगत होती. आधी तिला नुसतं गोड की आंबट एवढंच सांगता येई. ते विचारत, "गोड म्हणजे कसं? उसासारखं? खजुरासारखं?" ती डोळे मिटून नीट शोधायची. "आधी उसासारखं होतं. आता भाजलेल्या पोह्यांसारखं काहीतरी येतंय." "येतंय ना? मग जाळ कमी कर." गरम काकवीने तिची जीभ पोळली, तरी ती चाखत राहिली.

एक लहान बरणी भरली. त्यांनी ती उजेडात धरली. "कशी आहे?"

"चांगली आहे. पण धुराची चव लागलीय, चांगलीच."

"लागणारच," ते म्हणाले. "लाकडं ओली होती."

त्याच संध्याकाळी ते समरजितकडे गेले. सुनेत्रा बरोबर होती. दारातच म्हणाले, "ती बाटली ओतून टाक. आंबलेली आहे."

समरजितरावांनी मान खाली घातली. "माहीत आहे रे."

"मग बोलला का नाहीस?"

"कसं बोलू? तू स्वतः जिने चढून घेऊन आलास."

"पुढच्या वेळी बोल," मुकुंदराव म्हणाले, आणि चहाला न थांबता मंदाकिनीताईंच्या घरी निघाले. त्यांच्याशी बोलणं जास्त कठीण गेलं. ताई रडल्या. अहल्याबेनच्या दारात मात्र ते आपणहून थोडे हसले.

होळीच्या दिवशी ते टेबलावर येऊन बसले. दुधात कुस्करलेली पुरणपोळी त्यांनी हळूहळू खाल्ली. केयूर पानाकडे बघत जेवत होता. सुनेत्राने आमटी चाखली आणि म्हणाली, "मीठ कमी पडलंय."

"तरी मी म्हणत होते," भक्ती म्हणाली, आणि मग चपापली.

"मग घाल ना," मुकुंदराव म्हणाले. "पुरण कसं झालंय?"

भक्तीने सासूकडे पाहिलं, पण सुनेत्रा या वेळी तिच्याकडे बघत नव्हती. भक्तीने घास तोंडात घोळवला. "जायफळ जास्त झालंय, बाबा. माझ्याच हातून."

त्यांनी मान डोलावली आणि पुढचा घास घेतला.

पुढे जूनपर्यंत त्यांना खारट थोडंफार कळायला लागलं, कधी कधी तिखटही. गोड परत आलं नाही. डॉक्टर अजून वाट बघा म्हणतात. मुकुंदराव त्यांना विचारायचे थांबले आहेत. सुनेत्रा मात्र आता जेवताना आधी स्वतः घास घेते आणि न विचारता सांगते, आज भेंडी जून निघाली, आज वरणाला फोडणी छान बसली. एखाद्या दिवशी ती विसरली, तर ते चमचा खाली ठेवून वाट बघतात.