एका डोळ्याने पाहायचं नाणं

लाखनीला हायवेलगतच्या मंगल कार्यालयात सकाळपासून रांग लागली होती. रौप्यनाथबाबांकडे म्हणे पाताळातून वर आलेलं चांदीचं नाणं होतं आणि त्यावरचा मुकुटधारी देव भक्ताकडे मान वळवून पाहत होता. उजवीकडे सरका, देव उजवीकडे. डावीकडे सरका, देव डावीकडे. ट्रकवालेसुद्धा गाड्या कडेला लावून आत जात आणि डोळे पुसत बाहेर येत.

जीवनभाऊ रांगेत होते ते भक्तीपोटी नव्हे, निव्वळ हावरेपणापोटी. पोस्टातून रिटायर झाल्यापासून त्यांना मध्ययुगीन जर्मन नाण्यांचं खूळ लागलं होतं. टपरीवर त्यांनी हा विषय काढला की माणसं आपापला चहा घेऊन दुसऱ्या बाकावर बसत.

पण पुढे उभ्या असलेल्या शेजारीण देवकाबाईंनी जे सांगितलं, त्याने त्यांची मजा पार गेली. देवकाबाईंच्या नऊ वर्षांच्या नातीला, गुड्डीला, सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. गोळ्या पोटात असल्या की देव तोंड फिरवतो, असं बाबांनी बजावल्यामुळे आठ दिवस गोळ्या बंद होत्या. पोरीचे सांधे ठणकत होते, तिला नीट उभंही राहवत नव्हतं. जीवनभाऊंना मनापासून संताप आला.

गुड्डीची पाळी आली. नाणं काळ्या मखमलीवर होतं, पणती खालच्या बाजूला. "एक डोळा संसाराचा, तो झाक. दुसरा परमार्थाचा, त्यानं बघ," बाबा घोळवून म्हणाले. गुड्डीने डोळा झाकून मान इकडून तिकडे हलवली. देव पाहतोय म्हणाली. देवकाबाईंना रडू फुटलं.

जीवनभाऊंनी वाकून पाहिलं आणि त्यांना हसूच आलं. घरी त्यांनी डबीत जपलेल्या जर्मन नाण्याचा हा सख्खा भाऊ.

"गुड्डी, आता दोन्ही डोळे उघड," ते म्हणाले. "अन् देवाच्या नाकावरून अल्लाद बोट फिरव."

संसाराचा डोळा उघडला तर कोप होईल, असं बाबा ओरडेपर्यंत बोट फिरलंही होतं.

"आजी, नाक नाही इथं. खड्डा हाय."

बाबांनी नाणं ओढायला हात घातला तसे जीवनभाऊ कळवळले, "हळू, मोडन ना ते." मग जीवनभाऊंनीच आधी नाणं उचललं, दोन बोटांत धरून उलटं केलं आणि समजावलं. आठशे वर्षांपूर्वी जर्मनीत चांदीचा पत्रा कागदासारखा पातळ करून एकाच बाजूने ठसा मारत. पुढे चेहरा उठे, मागे त्याचाच खड्डा राही. चेहरा फुगीरच असणार, ही आपल्या डोळ्यांची सवय. ते खड्ड्यालाही फुगीर समजतात आणि आपण हललो की तो वळल्यासारखा दिसतो. एक डोळा झाकला की खोली कळत नाही, खालचा उजेड उरलीसुरली फसवणूक पुरी करतो. सुलट्या बाजूला तोच देव साधा जर्मन राजा होता आणि कोणी कितीही हललं तरी मान वळवेना.

देवकाबाईंनी स्वतः त्या खड्ड्यातून बोट फिरवून पाहिलं. त्या कुंभाराघरच्या, दरवर्षी साच्यात माती दाबून गणपती करणाऱ्या.

"आमच्या रिकाम्या साच्यातला गणपतीबी असाच पायते," त्या सावकाश म्हणाल्या. "पण त्याच्यापायी मी पोरीच्या गोळ्या कधी बंद नाही केल्या."

त्यांनी गुड्डीला कडेवर घेतलं आणि रांग मोडून थेट भंडाऱ्याची गाडी धरली. दवाखान्यात तिला चार दिवस राहावं लागलं.

चमत्कार जरूर पाहा, पण दोन्ही डोळ्यांनी पाहा, हात लावून पाहा, उलटून पाहा. जे उलटू देत नाहीत त्यांना कारण विचारा. आणि औषध बंद करा म्हणणाऱ्याच्या दारातून तिथल्या तिथे मागे फिरा, कारण गुड्डीने सोसलेले ते आठ दिवस तिला कुणीच परत देऊ शकत नाही.