दोन व्होल्ट कुठं गेले

सोमवारी सकाळी सातला व्हॅन एका सेल्फला चालू झाली नाही, तर भरमा ती विकत घेणाऱ्या निपाणीच्या गिऱ्हाइकाला घेऊन येणार होता आणि माधवी किल्ली देऊन टाकणार होती. हे शुक्रवारी ठरलं. ठरवताना कोणी आवाज चढवला नाही. माधवी म्हणाली, बरं. मीही मान हलवली.

माधवी माझी सून. तिचा नवरा नागेंद्र, माझा मुलगा, अनगोळातल्या मुलांना त्या व्हॅनमधून कॅम्पातल्या शाळेत पोचवायचा. खंडेनवमीनंतर बाराव्या दिवशी तो गेला. डेंग्यूचा ताप होता, पाच दिवसांत सगळं आटोपलं. दिवसकार्य झाल्यावर माधवीनं व्हॅन बाहेर काढली. चालवायला तिला त्यानंच शिकवलं होतं. पहिले दोन दिवस अकरा मुलं गेली, आली. तिसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकासमोर सेल्फ मारला तर नुसतं टक् झालं आणि गाडी गप्प. मोठ्या मुलांनी उतरून ढकलली.

मग ते रोजचंच झालं. बॅटरी चार्जिंगला टाकली, एक दिवस चालली. नवी बॅटरी घातली, तीही दोन दिवसांत बसली. दुकानदारानं ती तपासून कानडीत "चलो ऐत री" म्हणून परत दिली. बॅटरी चांगली होती. मग वाईट काय होतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. मुलांचे गणवेश धुळीनं भरायला लागले तशी आईबापांची तोंडं बदलली. सहा मुलं भरमाच्या व्हॅनमध्ये बसू लागली. उरलेल्या पाचांच्या घरून निरोप आला, सोमवारपर्यंत बघतो.

भरमा नागेंद्रचा दोस्त आणि माझा जुना विद्यार्थी. मनानं वाईट नाही, पण जीभ मोकळी. एकदा दारात उभा राहून म्हणाला, "वैनी, रातभर दिवा चालू ठेवून झोपतायसा काय गाडीचा? नागूच्या हातात एक दिस बंद पडली न्हाय ही."

गल्लीतही तेच बोललं जायचं. माधवी ऐकून घ्यायची. संध्याकाळी ती गाडीचे दिवे बघून घरात यायची, चप्पल काढायची, आणि पुन्हा चप्पल घालून दिवे बघायला जायची. मी ते ओट्यावरून पाहत असे. त्या दिवसांत मला काही वाटत नव्हतं. भात गरम आहे, पाणी गार आहे, एवढं कळायचं.

रविवारी सकाळी मी कपाटातून व्होल्ट मोजायचा मीटर काढला. सातवीच्या वर्गाला विजेचा धडा शिकवायला कधीतरी घेतलेला होता. गाडीतलं मला काही कळत नाही. माधवीला तसं सांगितलंही.

"मग उघडताय कशाला, आप्पा?" ती म्हणाली.

"मोजायला. दुरुस्तीचं मागनं बघू. आधी काय हाय ते मोजू."

अकरा वर्षांच्या स्वरूपाला, माझ्या नातीला, मी वही-पेन्सिल घेऊन बोलावलं. तिच्या दोन्ही वेण्या वर बांधायला लावल्या, कारण इंजिन चालू असताना पट्टा फिरतो आणि तो केस ओळखत नाही. पुढची सीट उचलली की खाली इंजिन, बाजूला बॅटरी.

आधी मी तिला धडा सांगितला. बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी. गाडी चालू झाली की डायनामो पंपासारखा ती टाकी भरत राहतो. टाकी रिकामी होत असेल तर तीनच गोष्टी. टाकी फुटकी आहे, पंप बंद आहे, किंवा मधला पाइप चोंदलाय. टाकी दुकानदारानं बघितली. आता पंप बघू, मग पाइप.

माधवीनं हँडब्रेक ओढला आणि सेल्फ मारला. टक्. मग शेजारच्या परशरामनं आणि मी गाडी उतारावर ढकलली, ती चालू करून माधवीनं अंगणात आणून उभी केली. इंजिन सुरूच ठेवलं. मी बॅटरीच्या दोन टोकांना तारा लावल्या.

"बारा पॉइंट तीन," स्वरूपानं वाचलं.

चालू गाडीत हा आकडा चौदाच्या वर पाहिजे. मी पट्टा बघितला, घट्ट होता. मग एक तार डायनामोच्या जाड वायरीच्या टोकाला आणि दुसरी डायनामोच्याच अंगाला लावली.

"चौदा पॉइंट चार."

म्हणजे पंप चालू होता. डायनामो गेला म्हणणाराही गल्लीत एक होता, तो खोटा ठरला. माधवी स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडं बघत होती. मी स्वरूपाला वजाबाकी करायला सांगितली. तिनं केली. दोन पॉइंट एक.

"डायनामोतनं निघालेलं इतकं बॅटरीपर्यंत पोचत न्हाय," मी म्हणालो. "कुठं गेलं ते हुडकायचं."

जायची वाट एक, यायची वाट एक. डायनामोपासून बॅटरीच्या लाल टोकापर्यंत मोजलं. शून्य पॉइंट एक. ही वाट स्वच्छ. मग बॅटरीच्या काळ्या टोकापासून इंजिनच्या लोखंडापर्यंत. मीटरवर दोन आलं आणि तिथंच राहिलं. स्वरूपानं लिहिलं, बेरीज केली, बरोबर जुळली. ती माझ्याकडं बघून किंचित हसली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा.

बॅटरीच्या काळ्या टोकाची जाड वायर, म्हणजे अर्थिंग, गाडीच्या बॉडीला एका नटानं आवळलेली असते. मी इंजिन बंद करायला सांगितलं. माधवी खाली उतरली, बॅटरीचं काळं टोक सोडवलं, पान्हा घेतला आणि तो नट काढला. वायरीचं टोक वर उचललं. खाली चकचकीत काळा रंग होता, नव्या बुटासारखा.

गाडीची विद्या एवढीच की लोखंड लोखंडाला टेकलं पाहिजे. मध्ये रंग आला की वीज अडते. नटाच्या आट्यांतून जेवढी झिरपेल तेवढीच जाते.

दसऱ्याची सुट्टी लागल्यावर नागेंद्रनं सीट काढून आतला गंज घासला होता आणि अस्तराचा लाल रंग दिला होता. खंडेनवमीला गाडीची पूजा व्हायची, तर आतूनही ती चांगली दिसावी म्हणून त्यानं दोन दिवस घालवून सगळं काळं रंगवलं होतं आणि वायरी स्वतः परत आवळल्या होत्या. त्यानंतर तो तापानं पडेपर्यंत शाळेला सुट्टीच होती.

"हितं मी रंग लावलता," स्वरूपा म्हणाली. "बाबा म्हणाले, तेवढं लाल ऱ्हायलंय बघ, लाव."

वही तिच्या मांडीवर तशीच होती. ती हुशार आहे. आकड्यांवरून मागं जायला मीच तिला शिकवलं होतं. रंगापासून वायर, वायरीपासून बॅटरी, बॅटरीपासून शाळेचं फाटक आणि आईला लागलेले बोल, हे सगळं ती त्याच पावलांनी मोजत होती. मला ते दिसलं आणि मी घाईनं बोललो.

"रंग लावलास ते बरोबरच केलंस. वायर परत बसवताना तेवढा रंग खरवडायचा असतो. ते मोठ्या माणसाचं काम."

बोलून झाल्यावर कळलं मी काय केलं ते. माधवीनं पान्हा खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. राग नव्हता त्यात. काहीच नव्हतं.

"म्हंजे बाबांचं चुकलं?" स्वरूपानं विचारलं.

मी एकतीस वर्षं मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. त्या दिवशी अंगणात मी मीटरच्या तारा गुंडाळत बसलो.

माधवी म्हणाली, "पॉलिश पेपर आण गं आतनं."

तिनं रुपयाएवढीच जागा घासली. आधी करडी झाली, मग लाल, मग लोखंड चमकलं. बाजूच्या रंगाला तिनं ओरखडा पडू दिला नाही. वायरीचं टोकही घासलं, नट आवळला, वरून पाणी जाऊ नये म्हणून जरा ग्रीस लावलं. परशरामच्या चार्जरवर दुपारभर बॅटरी ठेवली. चारच्या सुमाराला ती परत जोडून सेल्फ मारला, आणि गाडी लागली. मीटरवर चौदा पॉइंट दोन. हेडलाइट लावले, चौदाच्या खाली गेलं नाही. माधवीनं आकडा बघितला, गाडी बंद केली आणि तांदूळ निवडायला आत गेली. मला वाटलं होतं की आम्हाला कुणाला तरी बरं वाटेल.

स्वरूपानं संध्याकाळी वही दप्तरात ठेवली. तो प्रश्न तिनं परत विचारला नाही. जेवताना तिनं आमटी घेतली नाही.

सोमवारी पावणेसातला भरमा आला. मागं मोटरसायकलवर निपाणीचा माणूस होता. स्वरूपा पुढच्या सीटवर दप्तर घेऊन बसली होती. माधवीनं किल्ली फिरवली. एका सेल्फला व्हॅन चालू झाली. निपाणीच्या माणसानं टायरकडं बघितलं, मग भरमाकडं बघितलं. भरमानं खिडकीला हात टेकला.

"काय हुतं, वैनी?"

"अर्थिंगच्या वायरीखाली रंग ऱ्हायलता."

"रंग? तिथं कुणी लावला रंग?"

स्वरूपाचे हात दप्तराच्या चेनवर थांबले.

"मी," माधवी म्हणाली. "दसऱ्यात ह्यांनी वायर आवळायला सांगितलीती. मी तशीच रंगावर आवळली."

भरमा मागं सरला. त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं. "बघा गुर्जी," तो मला म्हणाला, "मी म्हणत हुतो का न्हाय? नागूच्या हातनं असलं काम हुयाचंच न्हाय. तुम्ही हुतासा न्हवं घरात तवा?"

माधवी समोर बघत होती. स्वरूपा माझ्याकडं बघत होती.

"व्हय," मी म्हणालो. "मी हुतो."

माधवीनं गिअर टाकला. व्हॅन कोपऱ्यावर वळली, हॉर्न ऐकू आला आणि पाठोपाठ दार सरकल्याचा आवाज. पहिलं मूल बसलं होतं.